चिनी भाषेच्या अध्ययनात रोमन लिप्यंतराचे स्थान : पिनयिन पद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक

चिनी भाषा अवघड आहे असे म्हटले जाते, तेव्हा बहुधा तिची लिपी अवघड आहे एवढेच म्हणायचे असते. हजारो चिन्हे, त्यांच्या रेघांचा ठरलेला क्रम आणि चिन्हाकडे पाहून उच्चाराचा निश्चित अंदाज न येणे, या गोष्टी नवख्याला धास्ती घालतात. या धास्तीवरचा उतारा म्हणून रोमन अक्षरांतील लिप्यंतर पुढे केले जाते. आज बहुतेक पाठ्यपुस्तकांचा पहिला धडा चिन्हांचा नसून ‘हान्यू पिनयिन’चा, म्हणजे चिनी ध्वनींच्या रोमन लेखनाचा असतो. या पद्धतीविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. पिनयिन ही पांगुळगाड्यासारखी तात्पुरती सोय असून ती शक्य तितक्या लवकर सोडावी, हे एक मत. पिनयिन आले की बोलण्यापुरती भाषा आली, चिन्हे नंतर आली तरी चालेल, हे दुसरे. दोन्ही मतांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे रोमन अक्षरे ओळखीची असल्याने त्यांच्यावाटे येणारा उच्चारही आपोआप कळतो. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली आहे. मराठी भाषकाच्या बाबतीत ते विशेष घातक ठरते, कारण त्याची रोमन अक्षरांशी ओळख इंग्रजीच्या द्वारे झालेली असते आणि चिनीकडे जाण्याच्या वाटेवर ही तिसरी भाषा आडवी येते.

दोन परंपरा

चिनी ध्वनी रोमन अक्षरांत लिहिण्याचा उद्योग जुना आहे. जेझुइट धर्मप्रसारक मात्तेओ रिची याने १६०५ मध्ये, तर निकोला त्रिगो याने १६२६ मध्ये असे लेखन छापून प्रसिद्ध केले. थॉमस वेड या इंग्रज मुत्सद्द्याने १८६७ मध्ये आपली पद्धत मांडली. हर्बर्ट जाइल्स याच्या १८९२ मधील कोशाने तिला स्थिर रूप दिले आणि पुढे सुमारे शंभर वर्षे इंग्रजी ग्रंथव्यवहारात ‘वेड–जाइल्स’ पद्धतच चालू राहिली. ही सारी खटपट परक्यांची आणि परक्यांसाठी होती.

दुसरी परंपरा खुद्द चिनी सुधारकांची. १८९२ मध्येच लू च्वांग-चांग याने शियामेन येथे वर्णाक्षरांची एक योजना प्रसिद्ध केली. तिच्यामागची प्रेरणा निरक्षरता हटविण्याची व देश सबळ करण्याची होती. १९१८ मध्ये ‘चूयिन’ ही ध्वनिचिन्हे अधिकृतपणे जाहीर झाली. १९२८ मध्ये भाषाशास्त्रज्ञ युएन रेन चाओ यांचा मोठा वाटा असलेली ‘क्वोयू रोमात्स’ ही योजना मान्यता पावली. १९३१ मध्ये सोव्हिएत भूमीवर ‘लातिन्ह्वा’ चळवळीने आकार घेतला. लू शुन यांच्यासारख्या लेखकाने तिला पाठिंबा दिला होता. या परंपरेतील अनेकांना रोमन लिपी चिन्हांच्या मदतीला नको होती. ती चिन्हांच्या जागी हवी होती.

११ फेब्रुवारी १९५८ रोजी चीनच्या राष्ट्रीय लोकसभेने मान्य केलेली पिनयिन योजना या दुसऱ्या परंपरेचे अपत्य आहे. तिच्या घडणीत चौ यौ-क्वांग (१९०६–२०१७) यांचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. तथापि मान्यतेच्या एक महिना आधीच पंतप्रधान चौ एन-लाय यांनी स्पष्ट केले होते की, ही योजना चिन्हांचे उच्चार दाखविण्यासाठी व प्रमाण बोलीच्या प्रसारासाठी आहे. चिन्हांची जागा घेण्यासाठी नाही. म्हणजे लिपी होण्याच्या आकांक्षेतून जन्मलेल्या पद्धतीला प्रत्यक्षात उच्चारचिन्हांचे काम मिळाले. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ती स्वीकारली, २००९ मध्ये तैवाननेही रोमन लेखनापुरती ती अधिकृत केली, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्गात ती सर्वत्र रुळली. स्वकीयांसाठी बेतलेले हे साधन परकीयांच्या हाती आले, ही बाब तिच्या गुणदोषांचा विचार करताना सहसा विसरली जाते.

अक्षर ओळखीचे, ध्वनी अनोळखी

प्रमाण चिनीत स्पर्श आणि स्पर्शसंघर्षी व्यंजनांमध्ये घोष–अघोष असा भेद नाही. जो भेद आहे तो अल्पप्राण व महाप्राण यांचा. पिनयिनने हा भेद दाखविण्यासाठी रोमन लिपीतील तयार जोड्या वापरल्या. ‘बी’ हे अक्षर अल्पप्राण ओष्ठ्य ध्वनीला दिले, ‘पी’ महाप्राणाला. त्याचप्रमाणे ‘डी’ व ‘टी’, ‘जी’ व ‘के’ यांची वाटणी झाली. अर्थात पिनयिनमधील ‘बी’चा उच्चार मराठी ‘ब’ नसून ‘प’ आहे, आणि ‘पी’चा ‘फ’ (अर्थात ओठ पूर्ण मिटून उच्चारलेला, ‘फळ’ शब्दातील जुन्या वळणाचा). ‘डी’ म्हणजे ‘त’ व ‘टी’ म्हणजे ‘थ’. ‘जी’ म्हणजे ‘क’ आणि ‘के’ म्हणजे ‘ख’.

इंग्रजी भाषकाला ही वाटणी पुष्कळशी मानवते, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेत शब्दारंभीचा ‘पी’ महाप्राण असतो आणि ‘बी’ अनेकदा पुरता घोष नसतो. मराठी भाषकाचे तसे नाही. त्याच्या कानाला प, फ, ब, भ हे चार स्वतंत्र वर्ण आहेत. चिनीला लागणारा भेद त्याच्या तोंडी बाळपणापासून बसलेला आहे. मात्र रोमन अक्षर समोर येताच तो इंग्रजी शाळेतील सवयीने ‘बी’ला ‘ब’ व ‘डी’ला ‘ड’ म्हणतो, ‘टी’ला ‘ट’. जे घरात होते ते बाजूला ठेवून तो उसने आणतो, आणि तेही चुकीचे. चिनी भाषेत मूर्धन्य स्पर्श नाहीतच; तरी आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या चिनीत ‘ट’ आणि ‘ड’ सर्रास ऐकू येतात, ते या मार्गाने.

याचा पुरावा वर्तमानपत्रांतही सापडतो. ‘माओ त्से तुंग’ हे जुने मराठी लेखन वेड–जाइल्सवरून आले होते. त्यातील ‘त्से’ व ‘तुंग’ हे उच्चार मूळ चिनीच्या अगदी जवळचे आहेत. पिनयिन आल्यानंतर त्याच नावाचे ‘माओ झेडाँग’ झाले, आणि त्यात एकही व्यंजन धड राहिले नाही. ‘चौ’चा ‘झोऊ’ झाला. चीनमधून प्रसिद्ध होणाऱ्या हिंदी मजकुरात राजधानीचे नाव ‘पेइचिंग’ असे लिहिले जाते. मराठीत मात्र ‘बीजिंग’ रूढ झाले. ‘तिआनानमेन’ हा चौक मुळात ‘थ्येन-आन-मन’ आहे. नवे लेखन अधिक शास्त्रीय आणि जुने वसाहतकालीन, हा समज येथे उलटा ठरतो. दोष पिनयिनचा नाही. ते इंग्रजी चष्म्यातून वाचले गेले, हा दोष आहे.

चवर्गाच्या बाबतीत मराठीला आणखी एक लाभ आहे. मराठीत ‘च’ दोन प्रकारचे आहेत : ‘चार’मधील तालव्य आणि ‘चांगला’मधील दंततालव्य. चिनीत हा भेद आहेच, शिवाय मूर्धन्य ‘च’ हा तिसरा प्रकार आहे. पिनयिनमध्ये ‘जे’ हे अक्षर तालव्य ‘च’साठी, ‘झेड’ हे ‘चांगला’तील ‘च’साठी, तर ‘झेड-एच’ ही जोडी मूर्धन्य ‘च’साठी आहे. ‘क्यू’ म्हणजे तालव्य ‘छ’, ‘एक्स’ म्हणजे ‘शहर’मधील ‘श’, आणि ‘एस-एच’ म्हणजे व्याकरणात शिकविला जाणारा व बोलण्यात हरवलेला ‘ष’. हिंदी भाषकाला जो भेद मुद्दाम शिकावा लागतो, तो मराठी भाषकाला केवळ ओळखावा लागतो. अडते ते ‘सी’ या अक्षरापाशी. ते दंततालव्य महाप्राणासाठी आहे, आणि मराठी ‘छ’ला तसा उच्चार नाही. तेवढा ध्वनी खरोखर नवा आहे.

पिनयिनवरचा नेहमीचा आक्षेप असा की, त्यात एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात. ‘आय’ हे अक्षर काही व्यंजनांनंतर ‘ई’ असते, मूर्धन्यांनंतर जिभेची उलटी घरघर असते, दंत्यांनंतर दातांमागची. ‘यू’ हे अक्षर तालव्यांनंतर ओठांचा चंबू करून काढलेल्या ‘ई’चे काम करते, एरवी ‘उ’चे. ‘आय-यू’ या जोडीत मधला ‘ओ’ लिहिलेलाच नसतो. हे आक्षेप वस्तुतः खरे असले तरी न्याय्य नाहीत. जे ध्वनी एकाच परिसरात कधी येत नाहीत त्यांना एक चिन्ह पुरते, ही लेखनातली काटकसर आहे आणि मराठी ती रोज करते. ‘गंगा’, ‘पंच’, ‘अंडे’ आणि ‘कंप’ या शब्दांतील अनुस्वाराचे उच्चार वेगवेगळे आहेत, टिंब एकच. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील ‘ज’ वेगळे, अक्षर एकच. मराठी वाचक अडखळत नाही, कारण त्याला शब्द ठाऊक असतो. परका मात्र अडखळतो. पिनयिनच्या बाबतीत आपण परके आहोत, एवढाच याचा अर्थ.

सूर : लिहिलेला आणि न वाचलेला

चिनीतील चार सूर व एक सूरहीन प्रकार यांचे महत्त्व पाठ्यपुस्तके पहिल्याच पानावर सांगतात. ‘माय’ हा शब्द तिसऱ्या सुरात ‘विकत घेणे’ व चौथ्यात ‘विकणे’ होतो. ‘थांग’ पहिल्या सुरात रस्सा आणि दुसऱ्यात साखर. व्यापारी पत्रव्यवहाराच्या हेतूने भाषा शिकणाऱ्याने पहिल्या जोडीचा धसका घ्यायला हवा. पिनयिनमध्ये हे सूर स्वरावर काढलेल्या लहान रेघांनी दाखविले जातात, आणि येथेच पद्धतीची खरी उणीव आहे. अक्षराच्या डोक्यावरची रेघ पाहणाऱ्याला अलंकारासारखी वाटते. नकाशे, पारपत्रे, बातम्या यांत ती गळते, विद्यार्थ्याच्या वहीतून दुसऱ्या महिन्यात गळते, आणि मग बोलण्यातूनही जाते. सूर हा शब्दाचा भाग आहे, शब्दावरचा ठिपका नव्हे, ही जाणीव या लेखनाने निर्माण होत नाही.

चाओ यांच्या ‘क्वोयू रोमात्स’मध्ये सूर शुद्धलेखनातच गुंफलेला होता, सूर बदलला की अक्षरयोजना बदले. त्यांनी १९४८ मधील आपल्या पाठ्यपुस्तकात हीच पद्धत वापरली. तिचे नियम किचकट होते आणि ती मागे पडली. मात्र तिचा एक अवशेष नकाशावर उरला आहे. ‘शान्शी’ नावाचे दोन शेजारी प्रांत केवळ पहिल्या व तिसऱ्या सुराने वेगळे ओळखले जातात. बिनरेघांच्या पिनयिनमध्ये दोन्ही सारखेच दिसले असते, म्हणून पश्चिमेकडील प्रांताच्या नावात ‘ए’ हे अक्षर दोनदा लिहिण्याची जुनी युक्ती अधिकृतपणे कायम ठेवावी लागली. पिनयिनच्या उणिवेची ही एक प्रकारे सरकारी कबुलीच म्हटली पाहिजे.

सुरांच्या संधीचाही प्रश्न आहे. तिसऱ्या सुराची दोन अक्षरे लागोपाठ आली की पहिले दुसऱ्या सुरात उच्चारले जाते, तरी लेखनात मूळ सूरच राहतो. संस्कृतच्या प्राध्यापकांना हे समजावण्याची गरज पडू नये : पिनयिन पदपाठ लिहिते, बोलणारा संहितापाठ म्हणतो. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांसाठी अक्षराच्या वर-खाली खुणा करण्याची परंपरा असलेल्या देशात सूरचिन्हांविषयी एवढी अनास्था असावी, हेही नवलच.

मूल आणि परका

चीनमधील शाळांत सहा वर्षांचे मूल पिनयिन शिकते, तेव्हा त्याच्या जवळ हजारो शब्द आधीच असतात. त्याला भाषा शिकायची नसते. ठाऊक शब्दाचा प्रमाण उच्चार आणि अनोळखी चिन्ह यांची सांगड घालण्यासाठी त्याला एक दुवा हवा असतो, आणि पिनयिन तो पुरवते. १९८२ मध्ये हैलुंगच्यांग प्रांतात सुरू झालेल्या प्रयोगात मुलांना चिन्हे यायची वाट न पाहता, न येणाऱ्या चिन्हांच्या जागी पिनयिन वापरून लिहू-वाचू दिले गेले. तो उपक्रम या दृष्टीने अर्थपूर्ण होता. लेकराच्या मनातील वाक्य चिन्हांच्या अभावी अडून राहत नसे.

परदेशी प्रौढ विद्यार्थ्याजवळ ते वाक्य नसते. त्याच्या बाबतीत पिनयिनला एकाच वेळी तीन ओझी वाहावी लागतात : ध्वनी शिकविणे, शब्द लक्षात ठेवविणे आणि चिन्हाचा उच्चार सांगणे. पहिले काम अक्षरांनी होतच नाही, ते कानानेच व्हावे लागते. दुसरे बऱ्यापैकी होते. तिसरे इतके सोपे होते की त्यातून नवी अडचण उभी राहते. चिन्हांवर पिनयिन छापलेले असले की डोळा ओळखीच्या लिपीवर स्थिरावतो आणि चिन्हाकडे पाहतही नाही. पान वाचून होते, चिन्ह एकही शिकलेले नसते. २०१० मध्ये नव्या स्वरूपात आलेल्या चिनी भाषेच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत पहिल्या दोन पातळ्यांच्या प्रश्नपत्रिकांत चिन्हांसोबत पिनयिन छापलेले असे, तिसरीपासून ते नसे. तिसऱ्या पातळीवर अनेकांची होणारी दमछाक पाहता, आधीच्या दोन पातळ्यांवर नेमके काय तपासले गेले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

चीनमध्येही याविषयी पुनर्विचार झाला. २०१६ पासून आणलेल्या पहिलीच्या एकात्मिक पाठ्यपुस्तकात पिनयिनच्या आधी सुमारे चाळीस चिन्हे शिकविली जातात. त्यांतील पहिली सहा आकाश, पृथ्वी, माणूस, तू, मी, तो या अर्थांची आहेत. पिनयिन त्यानंतर येते. या क्रमबदलामागे मुलाच्या मनावर पहिला ठसा चिन्हांचा उमटावा ही भूमिका होती. भाषा येणाऱ्या मुलांसाठी जर हे आवश्यक वाटले, तर न येणाऱ्या प्रौढांसाठी पहिले कित्येक आठवडे निव्वळ रोमन अक्षरांत घालविणे कितपत शहाणपणाचे आहे? याला प्रतिवाद आहे, आणि तो हलका नाही. जॉन डिफ्रान्सिस यांनी १९६० च्या दशकातील आपल्या पाठ्यपुस्तकमालेत बोलण्याचे धडे रोमन लेखनात आणि चिन्हांचे धडे स्वतंत्र खंडात ठेवले, कारण बोलणे व वाचणे ही दोन वेगळी कौशल्ये असून दुसऱ्याच्या मंद गतीने पहिल्याला अडवू नये. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु त्यांची योजना शिक्षकासमोर तासन्‌तास बोलण्याचा सराव गृहीत धरून होती. आठवड्याला दोन तासांच्या प्रमाणपत्र वर्गात ती जशीच्या तशी उचलली, की बोलणेही येत नाही आणि वाचणेही.

संगणक व भ्रमणध्वनी यांनी पिनयिनचे महत्त्व अनपेक्षितपणे वाढविले. आज चिनी मजकूर टंकित करणारे बहुसंख्य लोक रोमन अक्षरे दाबतात आणि पडद्यावर आलेल्या चिन्हांतून योग्य ते निवडतात. लिहिण्याची जागा ओळखण्याने घेतली. हाताने लिहिताना सुशिक्षितांनाही चिन्ह न आठवणे ही चीनमधील नित्याची तक्रार झाली आहे. २०२१ मध्ये लागू झालेल्या चिनी भाषाक्षमतेच्या मानकांत एकूण ३,००० चिन्हे वाचता यावीत अशी अपेक्षा आहे, पण हाताने लिहिण्यासाठी १,२०० चिन्हांचीच वेगळी यादी दिली आहे. जुन्या पिढीच्या शिक्षकाला ही सवलत खटकेल; ती वास्तवाला धरून मात्र आहे. शिवाय टंकनासाठी पिनयिन अचूक यावे लागते. उच्चार सैल असलेल्या विद्यार्थ्याला हवे ते चिन्ह पडद्यावर सापडतच नाही, आणि ही तपासणी कोणत्याही परीक्षकापेक्षा कठोर आहे. फक्त सूर ती तपासत नाही.

पिनयिनच्या मर्यादा दाखविण्यासाठी चाओ यांच्या एका गमतीदार गद्यखंडाचा हमखास दाखला दिला जातो. सिंह खाणाऱ्या एका कवीच्या त्या गोष्टीत नव्वदहून अधिक चिन्हे आहेत आणि प्रत्येकाचा उच्चार ‘ष’ या एकाच अवयवाचा, केवळ सुरांचा फरक असलेला. चिन्हांत ती वाचता येते, रोमन लिपीत तिला अर्थ उरत नाही. पण हा दाखला देणारे विसरतात की ती अभिजात चिनीत रचलेली आहे आणि रचणारा स्वतः रोमनीकरणाचा पुरस्कर्ता होता. बोलली जाणारी चिनी बहुतांशी दोन-दोन अवयवांच्या शब्दांची आहे. ती ऐकून कळते, म्हणून ध्वनिलेखनातही कळते. उलट चिन्हांच्या सलग ओळीत शब्द कोठे संपतो हे दिसत नाही, पिनयिनमध्ये ते दिसते. शब्द तोडून लिहिण्याचे नियम १९८८ मध्ये जाहीर झाले आहेत. चिनी एकाक्षरी भाषा आहे, हा आपल्याकडे अजून शिकविला जाणारा गैरसमज दूर करण्यास पिनयिनचे एक पान पुरेसे आहे.

प्राचीन ग्रंथांचा अभ्यासक

महाराष्ट्रात चिनीचा अभ्यास सुरू झाला तो बौद्ध ग्रंथांच्या निमित्ताने. पु. वि. बापट यांनी आकिरा हिराकावा यांच्यासह ‘समंतपासादिके’च्या चिनी रूपाचा केलेला इंग्रजी अनुवाद भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९७० मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षक वेड–जाइल्स पद्धतीने छापलेले आहे. त्या पिढीचे व तिच्याआधीचे बरेचसे इंग्रजी साहित्य त्याच पद्धतीत आहे. केवळ पिनयिन शिकलेला आजचा विद्यार्थी हे ग्रंथ सूचीत शोधू शकत नाही, कारण तीच व्यक्ती व तोच ग्रंथ त्याला वेगळ्या अक्षराखाली भेटतो. अभ्यासक्रमात जुन्या पद्धतीच्या रूपांतराला निदान एक तास मिळावा, ही अपेक्षा जास्तीची नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पिनयिन आजच्या प्रमाण चिनीचा उच्चार लिहिते. तो उत्तरेकडील, बीजिंगच्या वळणाचा आहे. सातव्या शतकात पुलकेशी दुसरा याच्या राज्यात आलेल्या ह्युएनत्संगाने देशाचे नाव चार चिन्हांत नोंदविले. पिनयिनच्या आधारे ती चिन्हे आज ‘मो-ह-ला-छा’ अशी वाचली जातात. एवढ्यावरून कोणी ‘ऱ्ह’ व ‘छ’ यांविषयी तर्क लढवू लागला, तर तो फसेल. तिसऱ्या चिन्हाच्या शेवटी त्या काळी ‘त्’ होता, तो उत्तरेकडील चिनीत पुढे लोपला. चौथ्या चिन्हाचे व्यंजन मूर्धन्य ‘ठ’ होते, त्याचा पुढे मूर्धन्य ‘छ’ झाला. जुने उच्चार पुन्हा बसविले की ‘म-हा-लत्-ठा’ उभे राहते. चिनीत ‘र’ नव्हता, म्हणून ‘ल’ आला. उरते ते ‘महारट्ठ’ हे प्राकृत रूप. प्रवाशाच्या कानी पडलेला शब्द ‘महाराष्ट्र’पेक्षा या रूपाच्या जवळचा असावा, हे त्या चार चिन्हांतून वाचता येते, पण त्यासाठी पिनयिन बाजूला ठेवून मध्ययुगीन चिनीच्या वर्णसारण्या उघडाव्या लागतात. त्या सारण्यांतील व्यंजनांची स्थानानुसार मांडणी भारतीय वर्णविचाराच्या परिचयातून झाली, असे अभ्यासक मानतात. ओष्ठ्य, दंत्य, कंठ्य अशा त्याच गटांच्या क्रमाने पिनयिनची व्यंजने आजही पहिलीच्या वर्गात म्हणवून घेतली जातात. मराठी विद्यार्थ्यासमोर हा तक्ता इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने न मांडता वर्गांच्या क्रमाने, आणि प्रत्येक अक्षराखाली देवनागरी वर्ण लिहून मांडला, तर पहिल्या तासाला होणाऱ्या अर्ध्याअधिक चुका होणारच नाहीत. सुरांसाठी व ‘सी’ या अक्षरासाठी मात्र देवनागरीचाही उपयोग नाही. तेथे शिक्षकाचा आवाजच हवा.